पिवळ्या सेलमधला माणूस

तीनशे हा आकडा मी लिहिलेला नाही. हे आधीच सांगते, कारण थोरवत कास्टिंग्जमधले निम्मे लोक आजही मला पाहिलं की तोंड फिरवतात. कागदाखाली ‘तयार केले : शालन मगदूम’ असं छापलेलं होतं, हे खरं. पण ते नाव त्या शीटखाली एकोणतीस वर्षं छापलं जात होतं. कँटीनच्या चहाच्या हिशेबाखालीसुद्धा तेच होतं.

आमची फाउंड्री कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत. ट्रॅक्टरचे आणि पंपाचे ओतीव भाग बनतात. मी कॉस्टिंगला. एका किलो ओतीव लोखंडाला वीज किती, वाळू किती, मजुरी किती आणि शेवटी उरलं किती, हे काढणं माझं काम. कॉम्प्युटरवरची ती आकड्यांची शीट मी कोऱ्या पानापासून उभी केली होती. तिच्यातले काही सेल, म्हणजे आकड्यांचे चौकोन, मी पिवळे करायची. पिवळा म्हणजे जुने मालक बापूसाहेब थोरवत यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कुलूप घालता येतं हे मला माहीत होतं. पण ऑफिसात आम्ही तिघं, तिघांनाही पिवळा कळायचा, आणि आपल्याच माणसांना कुलूप कशाला घालायचं, असं वाटायचं. हा माझा मूर्खपणा.

पिवळ्यातला सगळ्यात जुना सेल भट्टीचा. भट्टीला आतून सिलिकाच्या पुडीचं जाड अस्तर ठोकून बसवतात, त्याला आम्ही लायनिंग म्हणतो. आत पंधराशे डिग्रीचा रस, बाहेर तांब्याचं वेटोळं आणि त्या वेटोळ्यातून थंड ठेवणारं पाणी खेळतं. मध्ये फक्त ते लायनिंग. रसाची एक भट्टी उतरली की एक हीट. प्रत्येक हीटला लायनिंग थोडं झिजतं. पार झिजलं आणि रस पाण्यापर्यंत पोचला, तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि भट्टी तोफेसारखी उडते. म्हणून दोनशे वीस हीट झाल्या की भट्टी दोन दिवस बंद ठेवायची, जुनं लायनिंग पाडायचं, नवं मारायचं. तो दोनशे वीसचा आकडा बापूसाहेबांनी स्वतः सांगितला होता. त्यांच्या उमेदीत एक भट्टी उडालेली त्यांनी पाहिली होती.

दोन नंबरच्या भट्टीवर उभा राहणारा मुख्य मिस्त्री म्हणजे हिंदुराव मगदूम. माझा नवरा.

बापूसाहेब गेले आणि त्यांचा मुलगा इंद्रजित मालक झाला. दोन हजार अडतीसच्या जूनमध्ये त्याने ‘पूर्ती’ ही नवी कॉम्प्युटर प्रणाली आणली.

साधी शीट कशी चालते? वर माल, मजुरी, वीज भरा, खाली नफा निघतो. पूर्ती उलटी चालायची. आधी नफा लिहायचा. मग वरचे आकडे हलवत, लाखो जुळण्या तपासत ती त्या नफ्यापर्यंत पोचायची. जुन्या शीटमध्येही उत्तर देऊन एखादा आकडा शोधायची सोय होतीच, पण एकाच सेलपुरती, आणि पुढे काय करायचं ते माणूस ठरवायचा. पूर्ती नुसती शोधून थांबायची नाही, करून मोकळी व्हायची. खरेदी, पाळ्या, भट्टीची वीज, सगळं तिला जोडलेलं. बँकेचे करार आणि विम्याचे कागदही तिने वाचून काढले होते. “माझ्या बेचाळीस कोटींच्या जामीनपत्रातलं प्रत्येक कलम तिला पाठ आहे,” असं इंद्रजितने आम्हाला कौतुकाने सांगितलं. मालकाला काही झालं तर बँक सगळं कर्ज एकदम मागणार, हे त्यातलंच एक कलम.

बसवायला आलेल्या इंजिनियरने विचारलं, “कुठले सेल हलवायचे नाहीत?”

मी म्हटलं, “पिवळे.”

“पिवळे म्हणजे लॉकच ना?”

“हो, पिवळ्याला कोणी हात लावत नाही.”

त्याने मान हलवली, बटण दाबलं. पूर्तीने कुलूप घातलेले सेल मोजले. शून्य. रंग तिला दिसतच नव्हता. मग इंद्रजितने नफ्याच्या सेलमध्ये अकरा खोडून चौदा टक्के लिहिलं आणि सगळ्यांना पेढे दिले. मीही खाल्ला.

तीन महिने बरे गेले. वाळू स्वस्त मिळाली, विजेचं बिल उतरलं. दर हीटमागचा बोनस वाढला, त्यामुळे भट्टीवरचे लोक खूश होते. मग दसऱ्याच्या पाच दिवस आधी हिंदुराव पहिल्या पाळीहून चार वाजता घरी आले, डबा ओट्यावर आपटला आणि म्हणाले, “तीनशे तू लिवलंस?”

“कसले तीनशे?”

“लायनिंगचे. दोन नंबर आज दोनशे एकवीसला गेली. मी म्हटलं बंद करा, तर सुपरवायझर कागद घेऊन आला. म्हणतो, तुमच्या मंडळींनीच तीनशे लिहिलंय, घरी विचारा. सगळी दात काढायला लागली.”

“अहो, मी न्हाई लिहिलं.”

“नाव तुझंय खाली.”

“नाव असतंच. ते यंत्रानं...”

“यंत्राला नवरा हाय काय? तुला हाय न्हवं?” असं म्हणून ते अंघोळीला गेले. त्या दिवशी जेवले ते शेजारच्या खानावळीत. तेहतीस वर्षांच्या संसारात भांडणं पुष्कळ झाली होती, पण माझ्या हातचं ताट त्यांनी कधी टाळलं नव्हतं. मला रडू आलं नाही, तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्यावर, इंद्रजितवर आणि त्या पेढ्यावर.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी इंद्रजितच्या केबिनमध्ये होते.

“सर, लायनिंगचा आकडा बदललाय.”

“मी नाही बदलला.”

“मग कोणी?”

“शीटने. तुमचीच शीट आहे, मॅडम.” त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला. “लायनिंग कमी वेळा बदललं की वर्षाला बत्तीस लाख वाचतात. धोका वाढतो, मान्य. सहा वर्षांत एखादा अपघात. पूर्तीने तो धरलाय. भट्टीचं नुकसान विमा देतो. माणसांची भरपाई साठ लाखांच्या आत. साठला सहाने भागा. वर्षाला दहा. बत्तीस मोठे की दहा?”

भागाकार बिनचूक होता.

“सर, त्या भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर चार माणसं उभी असतात.”

“आणि कारखान्यात दोनशे ऐंशी. चौदा टक्के आले नाहीत तर जानेवारीत बँक दाराला कुलूप लावेल. ते दोनशे ऐंशी कुठल्या सेलमध्ये लिहू, सांगा!” तो ओरडला. मग आवाज उतरवून म्हणाला, “हिंदुरावांची काळजी वाटते ना? त्यांना उद्यापासून एक नंबरला टाकतो. तिथलं लायनिंग नवं आहे. विषय संपला.”

मी हो म्हणाले. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, आज लिहिते आहे. चार माणसांसाठी भांडायला गेले आणि एकाला घेऊन बाहेर आले. दुपारपर्यंत इंद्रजितने शीटमधले माझे सगळे हक्क काढून घेतले. माझ्याकडे एकच पान उरलं, हजेरीचं. कोणतं हेल्मेट कोणाचं आणि तो माणूस कुठे उभा आहे, एवढंच मी दुरुस्त करायचं. हजेरी हेल्मेटमधली चिपच लावायची, पण हेल्मेटाला नाव लावायला अजून माणूस लागायचा.

त्यानंतरच्या दिवशी हिंदुराव एक नंबरला गेले आणि तासाभरात दोन नंबरला परत आले. त्यांच्या जागी इब्राहिम मुजावरला उभं केलं होतं. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेले, एकमेकांच्या पोरांच्या लग्नात वाढपी झालेले. इब्राहिमला ढकलून ते परत आपल्या जागी उभे राहिले आणि सुपरवायझरला म्हणाले, माझी हजेरी इथंच लागंल.

घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं, “इब्राहिमला मारून मला वाचीवणार हुतीस.”

“मला तुम्ही जगायला पाहिजे होता.”

“मग तीनशे खोड.”

“माझ्या हातात न्हाई आता.”

“मग गप बस. माझ्याशी बोलू नको.”

मी बोलले नाही. पण गप्पही बसले नाही. हजेरीचं पान हातात होतं, तेच दुसऱ्या दिवशी डोळ्यात तेल घालून वाचलं. एक गोष्ट दिसली. महिन्याभरात पूर्तीने पाळ्या हळूहळू बदलल्या होत्या. एक नंबरच्या भट्टीवर सगळे तिशीच्या आतले. दोन नंबरवर छप्पन्न, छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. इब्राहिमही सत्तावन्नचा. इंद्रजितला हे ठाऊक असावं असं मला वाटत नाही. त्याने विचारलंच नव्हतं.

पूर्तीला म्हातारी माणसंच का हवी होती? कारण मला माहीत होतं. ते मीच लिहिलं होतं.

सहा वर्षांपूर्वी विम्यासाठी एक तक्ता हवा होता : अपघातात कामगार गेला तर कंपनीने किती भरपाई धरावी. मी फॉर्म्युला बसवला. माणसाची उरलेली नोकरी किती वर्षं, प्रत्येक वर्षाचा पगार किती, आणि त्या पगाराची आजची किंमत काय. आजची किंमत म्हणजे साधी गोष्ट. धंद्यात पैसा चौदा टक्क्यांनी वाढत असेल, तर आज घातलेले सत्त्याऐंशी रुपये बहात्तर पैसे वर्षाने शंभर होतात. म्हणून वर्षाने द्यायच्या शंभराची आजची किंमत तेवढीच. दहा वर्षांनी द्यायच्या शंभराची सत्तावीसच. हे गणित बँका करतात, दुकानदार करतात, त्यात पाप नाही. पण मी दर वेगळा लिहायचा आळस केला आणि तो नफ्याच्या सेलला जोडून टाकला. इंद्रजितने अकराचे चौदा केले, त्या क्षणी प्रत्येक कामगार स्वस्त झाला. ज्याची नोकरी तीन वर्षं उरली तो सगळ्यात स्वस्तांपैकी एक. तिशीच्या आतली चार पोरं दोन नंबरवर उभी केली असती, तर वर्षाचा हिशेब पंचवीस लाखांवर गेला असता. म्हाताऱ्यांमुळे तो दहावर आला.

सगळा तक्ता पिवळा केला होता मी. फक्त विम्यासाठी, असं मनात म्हणत. मनातलं कोण वाचणार?

हिंदुराव मगदूम, वय सत्तावन्न, वर्षाचा पगार सहा लाख, उरलेली वर्षं तीन. समोरचा आकडा त्या शीटमध्ये मीच काढलेला.

उद्या खंडेनवमी होती. दोन नंबरची दोनशे साठावी हीट उतरली होती.

खंडेनवमीला आमच्याकडे भट्टीची पूजा होते. बापूसाहेबांची पद्धत अशी, की भट्टी बंद ठेवून पूजा करायची नाही. रस तयार असतानाच मालकाने प्लॅटफॉर्मवर चढायचं, नारळ फोडायचा आणि पहिला रस स्वतःच्या हाताने लॅडलमध्ये, म्हणजे रस वाहून न्यायच्या बादलीत, उतरवायचा. ज्या विस्तवावर लोकांना उभं करतो, त्याच्यासमोर वर्षातून एकदा आपण उभं राहावं, असं ते म्हणायचे. इंद्रजितला ही पद्धत मोडायची हिंमत नव्हती. दोनशे ऐंशी माणसं बघायला जमतात.

तो यायचा पाहुण्यांच्या पांढऱ्या हेल्मेटमध्ये. त्या हेल्मेटाला नाव नसतं. पूर्तीच्या दृष्टीने पाहुणा म्हणजे शून्य.

सकाळी साडेनऊला मी टॅबवर हजेरीचं पान उघडलं. पांढरं हेल्मेट क्रमांक चार. ‘पाहुणा’ खोडलं. ‘इंद्रजित थोरवत, मालक’ लिहिलं. जागा : दोन नंबर, प्लॅटफॉर्म. यात खोटं एक अक्षर नव्हतं. मग तोच टॅब घेऊन मी भट्ट्यांच्या शॉपमध्ये गेले आणि गर्दीत पुढे जाऊन उभी राहिले. हिंदुरावांनी मला पाहिलं आणि मान वळवली.

इंद्रजित टिळा लावून प्लॅटफॉर्मवर चढला. भट्टीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. नारळ फुटला. टाळ्या झाल्या. हिंदुरावांनी भट्टी कलती करायचा दांडा त्याच्या हातात दिला.

भोंगा वाजला.

भट्टीची गुणगुण एकदम थांबली. वीज गेली होती, फक्त दोन नंबरची. प्लॅटफॉर्मवरच्या मोठ्या स्क्रीनवर तीनशेचा आकडा पुसला गेला आणि लाल अक्षरं आली : लायनिंग मर्यादा १९०. झालेल्या हीट २७०. रस ताबडतोब उतरवा. सर्वांनी खाली यावे.

“काय झालं?” इंद्रजित ओरडला. “पूजेच्या वेळी? कोणी बंद केली?”

“पूर्तीनं,” मी खालून म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा निघेल असं मला वाटलं नव्हतं. “तुमच्या हेल्मेटाला तुमचं नाव लावलं, सर. तुम्हाला काही झालं तर बेचाळीस कोटी. सहाने भागा. सात कोटी मोठे की बत्तीस लाख?”

सगळ्यांना सगळं कळलं नसेल, पण लाल अक्षरं कळली. काल याच भट्टीवर हीच चार माणसं उभी होती, तेव्हा तीनशे. आज पाचवा चढला, तर एकशे नव्वद.

“माझं नाव काढा,” तो दातओठ खाऊन म्हणाला. “आत्ता काढा. नोकरी गेली तुमची.”

मी पुढे होऊन टॅब प्लॅटफॉर्मच्या कठड्यावर ठेवला. “नोकरी गेलेल्या माणसानं सेल बदलायचा नसतो. तुम्हीच काढा. खाली उतरा, नाव खोडा, भट्टी लगेच सुरू होईल. हे चौघं आहेतच वर.”

इब्राहिम गर्दीतून पुढे आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. मग आणखी दहाबारा जण आले. इंद्रजितने टॅबकडे पाहिलं. बोट स्क्रीनच्या वर आणलं. घाम त्याच्या टिळ्यावरून नाकावर उतरला. दोनशे ऐंशी माणसं बघत होती आणि त्यांच्यासमोर ते नाव खोडणं त्याला जमलं नाही. खालून कोणीतरी घसा ताणून शिव्या दिल्या, त्या त्याला होत्या की मला, कळलं नाही.

“रस उतरवा,” तो शेवटी हिंदुरावांना म्हणाला.

दुपारी भट्टी थोडी निवल्यावर लायनिंग पाडायला सुरुवात झाली. मी तोवर माझं टेबल रिकामं करून गेटबाहेर आले होते. जाताना कोणी थांबवलं नाही, कोणी आभारही मानले नाहीत. बोनस जाणार, बँक येणार, हे प्रत्येकाला कळून चुकलं होतं, आणि त्याखाली नाव माझंच होतं. पूर्ती अजून चालू आहे, हे इब्राहिमने नंतर सांगितलं. लायनिंगचा सेल आता कुलपात आहे. चौदाचे बारा झालेत. बाकी पिवळं काय काय उघडं आहे, हे तपासायला आता तिथे कोणी नाही.

हिंदुराव दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, चार वाजता घरी आले. खिशातून रुमालात गुंडाळलेला लायनिंगचा एक तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. आतून काचेसारखा काळा, बाहेरून पांढरा. नवं लायनिंग चार बोटं जाड असतं. या तुकड्याला त्यांनी आपलं एकच बोट आडवं लावून दाखवलं, आणि बोट तुकड्याच्या बाहेर आलं.

मी ताट वाढलं. त्यांनी ते पुढे ओढलं. पाच दिवसांनी. पण घास घेतला नाही.

“इब्राहिम म्हणत हुता, यंत्राजवळ आमचा प्रत्येकाचा आकडा हुता.”

“होता.”

“कुणी काढलेला?”

“मी. विम्यासाठी. सहा वर्षांमागं.”

“माझा किती?”

मला खोटं सांगता आलं असतं. “तेरा लाख ब्याण्णव हजार नऊशे एकोणऐंशी.”

त्यांनी रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला. मग म्हणाले, “नऊशे एकोणऐंशी? त्र्याण्णव तरी पुरं करायचीस.”

आकडा वर नेऊन पुरा करायचा फॉर्म्युला मला येतो. त्या दिवशी सुचला नव्हता.